आला की सांग

पहिला प्रोग्रॅम चालवला आणि स्क्रीनवर एक ओळ उमटली. पंप नंबर सात, तापमान ७१ अंश. मी खुश. चार दिवस एका नव्या प्रोग्रॅमिंग भाषेचं डॉक्युमेंटेशन वाचून डोकं भणभणलं होतं आणि आता पहिल्याच फटक्यात काहीतरी बाहेर पडलं होतं. मग मी दुसऱ्या ओळीची वाट बघत बसले. टेस्टसाठी मी दर सेकंदाला एक तापमान सोडत होते, म्हणजे ओळींची रांग लागायला हवी होती, पण स्क्रीन आपली गप्प. पाच मिनिटं, दहा मिनिटं. एरर नाही, वॉर्निंग नाही. मी नेटवर्क तपासलं, पोर्ट तपासला, डेटा पाठवणारी फाइल तपासली, शेवटी सगळं बंद करून परत चालू केलं, तर परत एक ओळ उमटली आणि परत शांतता.

अर्धा दिवस गेला यात. शेवटी टीममधले एक सीनिअर मागून जाता जाता थांबले, दहा सेकंद कोड बघितला आणि म्हणाले, "अगं, तू त्याला एकदाच ऐकायला सांगितलंयस. त्याने ऐकलं, काम केलं, गेला."

"गेला म्हणजे?"

"गेला म्हणजे मेला. ऐकायला काही उरलं नाही की इथे प्रोग्रॅम मरतो."

मी एक शब्द विसरले होते. 'ऑन' लिहिलं होतं, त्याच्यापुढे 'ऑल' लिहायचं राहिलं होतं. 'ऑन तापमान' म्हणजे तापमान आलं की हे कर, एकदा. 'ऑन ऑल तापमान' म्हणजे तापमान आलं की हे कर, जितक्या वेळा येईल तितक्या वेळा. आता हे मराठीत लिहिताना तुमच्या लक्षात आलं का, दोन्ही वाक्यांत मी 'आलं की' हेच लिहिलंय? एकदा की दरवेळी, हे शेपटीला जोडावं लागलं. आपला 'की' हे सांगतच नाही. "तो आला की सांग" म्हणजे एकदा सांग. "तो आला की कुत्रं भुंकतं" म्हणजे दरवेळी भुंकतं. शब्द तोच, आणि ऐकणाऱ्याला कधी गोंधळ होत नाही, कारण कुत्र्याची सवय वेगळी आणि निरोप वेगळा हे आपल्याला न सांगता कळतं. मशीनला कुत्रंही कळत नाही आणि निरोपही कळत नाही. पुढचं वर्षभर मी जे शिकले ते थोडक्यात म्हणजे या एका 'की'च्या पोटात काय काय दडलंय त्याची फोड करणं.

तर भाषेबद्दल. अपामा नावाचं एक प्रॉडक्ट आहे, त्याची ही भाषा, ईपीएल, म्हणजे इव्हेंट प्रोसेसिंग लँग्वेज. आधी तिला मॉनिटरस्क्रिप्ट म्हणायचे. १९९९ मध्ये केंब्रिज युनिव्हर्सिटीतल्या जॉन बेट्स आणि जाइल्स नेल्सन या दोघांनी कंपनी काढली, २००५ मध्ये ती प्रोग्रेसने घेतली, २०१३ मध्ये सॉफ्टवेअर एजीने. सुरुवातीचे गिऱ्हाईक बरेचसे शेअर बाजारातले, कारण भाव हलला की मिलिसेकंदात काहीतरी करायचं ही गरज सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त पैसे घेऊन त्यांच्याकडे होती. आमचं काम तितकं चकचकीत नव्हतं. पंप, मोटर, व्हॉल्व्ह, त्यांना लावलेले सेन्सर, आणि काही बिघडायच्या आधी कळलं पाहिजे एवढीच अपेक्षा. जाता जाता एक सूचना, एस्पर नावाची एक जावा लायब्ररी आहे आणि तिच्या भाषेचं नावही ईपीएलच आहे, पण ती दिसायला बरीचशी एसक्यूएलसारखी, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेसारखी. मी पहिला आठवडा एकीचा प्रश्न शोधत होते आणि दुसरीचं उत्तर वाचत होते, आणि ते चालत का नाही म्हणून स्वतःला कोसत होते.

मी आले कुठून, तर डेटाबेसमधून. रात्री बारा वाजता चालणारे रिपोर्ट लिहिण्यात माझी अकरा वर्षं गेली. त्या जगात डेटा शांत पडलेला असतो, टेबलात, ओळीने, आणि आपण जाऊन त्याला प्रश्न विचारतो. काल किती आले, गेल्या महिन्यात सरासरी किती होती. डेटा कुठे पळून जात नाही, आज नाही विचारलं तर उद्या विचारू. इथे सगळं उलटं. इथे प्रश्न पडून असतात आणि डेटा त्यांच्यासमोरून वाहत जातो. हजारो प्रश्न आधीच मांडून ठेवलेले, प्रत्येक इव्हेंट, म्हणजे काहीतरी घडल्याचा निरोप, आला की इंजिनाने बघायचं, यातल्या कुणाकुणाला हा हवा होता. कुणालाच नको असेल तर तो गेला. कायमचा. कुठे ठेवलेला नाही, परत मागता येणार नाही. हे मला सुरुवातीला फार अंगावर यायचं, खरंच. मी गुपचूप प्रत्येक इव्हेंट एका यादीत साठवत होते, न जाणो लागला तर, आणि मेमरी फुगत गेली तेव्हा सीनिअरनी ती यादी बघितली, काही बोलले नाहीत, नुसते हसले. रिपोर्टवाल्या माणसाची सवय, जाता जात नाही.

पण मेमरी फुगायचं खरं कारण ती यादी नव्हतीच, ते नंतर कळलं. पहिल्या दिवशीच्या फजितीनंतर मी जिथे तिथे 'ऑल' लावायला लागले होते. दुधाने तोंड पोळलं की ताक फुंकून पितात तसं. झालं असं, की बाहेर एक 'ऑन ऑल तापमान', आणि त्याच्या पोटात, तापमान जास्त असेल तर, आणखी एक 'ऑन ऑल कंपन'. वाचायला किती सरळ वाटतं. तापमान वाढलं की कंपनाकडे लक्ष ठेव. पण तापमान दर सेकंदाला येतंय, दर सेकंदाला ते जास्तच आहे, म्हणजे दर सेकंदाला कंपन ऐकणारा एक नवीन लिसनर, म्हणजे एक नवीन कान, जन्माला येतोय आणि आधीचा एकही मरत नाहीये. तासाभरात ३६०० कान. मग कंपनाचा एक इव्हेंट येतो आणि ३६०० अलार्म वाजतात. त्या दिवशी टेस्ट इनबॉक्समध्ये जे काही आलं ते मी अजून डिलीट केलेलं नाही, आठवण म्हणून ठेवलंय.

म्हणजे पहिल्यांदा ऐकायला सांगितलं ते कमी पडलं, दुसऱ्यांदा थांबायला सांगितलंच नाही. ऐकायला लावणं सोपं आहे हो, थांबवणं अवघड. या भाषेत लिसनरला नाव देऊन ठेवता येतं आणि काम झालं की त्याला 'क्विट' म्हणता येतं, पण काम झालं कधी हे आपल्यालाच माहीत असावं लागतं, आणि तो विचार आपण प्रोग्रॅम लिहिताना करतच नाही, कारण साध्या प्रोग्रॅमला शेवटची ओळ असते आणि ती आली की संपतं. इथे शेवटची ओळ नाही.

थांबायचं कधी हे न कळल्याचं मी वाचलेलं सगळ्यात महागडं उदाहरण म्हणजे नाइट कॅपिटल. अमेरिकन शेअर बाजारातली मोठी ब्रोकर कंपनी. १ ऑगस्ट २०१२ च्या सकाळी त्यांनी नवीन सॉफ्टवेअर चालू केलं, पण ८ सर्व्हरपैकी एकावर नवीन कोड चढवायचा राहिला होता. त्या एका सर्व्हरवर कित्येक वर्षं न वापरलेला जुना कोड अजून पडून होता आणि नवीन सिस्टिमने जो फ्लॅग, म्हणजे चालू-बंदची खूण, वापरला तो नेमका जुन्याला जागं करणारा होता. आता जुना कोड जागा झाला तरी त्याच्यात एक हिशोब होता, मोठ्या ऑर्डरचे छोटे तुकडे करून बाजारात सोडायचे आणि मोजत जायचं, पुरे झाले की थांबायचं. तो मोजणारा भाग २००५ मध्ये कुणीतरी दुसरीकडे हलवला होता आणि त्यानंतर तपासलं नव्हतं. म्हणून तुकडे जात राहिले. बाजाराकडून उत्तर येत होतं, झालं, झालं, घेतलं, पण ते ऐकणारा आणि 'पुरे' म्हणणारा कुणीच नव्हता. २१२ ऑर्डर आत आल्या आणि ४५ मिनिटांत त्यांचे ४० लाखांच्या वर व्यवहार झाले. तोटा ४४ कोटी डॉलरहून जास्त. मी हे वाचलं ते माझ्या ३६०० कानांच्या आठवड्यात, आणि माझा अपराध एकदम फार लहान वाटायला लागला, जे बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

पुढचा धडा बाणाचा. या भाषेत एक बाण आहे, आडवी रेघ आणि पुढे टोक, त्याचा अर्थ 'आणि मग'. अ, आणि मग ब. व्हॉल्व्ह उघडला आणि मग दाब पडला. मला वाटलं यात काय एवढं, पण 'ऑल' कुठे लावायचा याने सगळं बदलतं. समजा व्हॉल्व्ह दोनदा उघडला आणि मग एकदा दाब पडला. 'ऑल' नुसत्या व्हॉल्व्हला लावला तर दोन अलार्म, कारण दोन्ही उघडण्यांना तोच एक दाब लागू. अख्ख्या जोडीला कंस घालून बाहेर 'ऑल' लावला तर एकच अलार्म, कारण पहिली जोडी पूर्ण होईपर्यंत दुसऱ्या उघडण्याकडे कुणी बघतच नाही. आणि दोन्हीकडे 'ऑल' लावला, जो मी अर्थातच लावला, तर प्रत्येक उघडणं गुणिले त्याच्यानंतरचं प्रत्येक पडणं. ४० उघडणी आणि त्यानंतर ५० पडणी असतील तर २००० अलार्म. एस्परवाल्या ईपीएलमध्येही हाच घोळ आहे, तिथे 'ऑल'च्या जागी 'एव्हरी' आहे आणि कंस कुठे पडतो यावर तसंच सगळं अवलंबून. म्हणजे दोष भाषेचा नाही, दोष 'आणि मग'चा आहे. "व्हॉल्व्ह उघडला आणि मग दाब पडला तर सांगा" असं ज्या इंजिनिअरनी आम्हाला लिहून दिलं होतं त्यांना मी जाऊन विचारलं, दोनदा उघडला तर काय? ते म्हणाले, "तर काय म्हणजे? सांगा ना." मी म्हटलं एकदा सांगू की दोनदा? ते माझ्याकडे बघतच राहिले. त्यांना मी बहुतेक अगदीच ढ वाटले असेन. पण दोन दिवसांनी त्यांचाच मेसेज आला, लांबलचक, की दोनदा उघडला तर पहिल्यांदा ऑपरेटरने उघडला आणि दुसऱ्यांदा आपोआप उघडला असं असू शकतं आणि ती केस फार वेगळी आहे, ती तर वेगळीच सांगायला हवी, हे आम्ही कधी लिहूनच ठेवलं नव्हतं. त्या मेसेजवर मी आतून फार खुश झाले होते.

मग वेळ. वेळेने मला जितकं रडवलं तितकं कशानेच नाही.

पाच सेकंद थांब आणि मग तापमान परत बघ, असं लिहायचं होतं. 'ऑन वेट ५' असं लिहिलं, कंसात जे करायचं ते, आणि खाली पुढची ओळ. मला वाटलं प्रोग्रॅम त्या ओळीवर पाच सेकंद उभा राहील. छे. खालची ओळ ताबडतोब चालली आणि कंसातली पाच सेकंदांनी. कारण 'ऑन वेट' म्हणजे थांबणं नव्हेच, पाच सेकंद झाले की मला हाक मार, असं सांगून पुढे निघून जाणं. इथे थांबता येत नाही. कुणी थांबलं तर मागची रांग अडते, कारण एका कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे कामाच्या एका रांगेत, एका वेळी एकच इव्हेंट हातात घेतात आणि तो पूर्ण निस्तरल्याशिवाय पुढचा घेत नाहीत. आणि तो निस्तरत असताना घड्याळही हलत नाही. खरंच हलत नाही. एका इव्हेंटचं काम चालू असताना शंभरदा वेळ विचारली तरी शंभरदा तीच येते, त्या इव्हेंटची. मी हे मुद्दाम करून बघितलं, मध्ये मोठी बेरीज-गुणाकार घालून, वेळ जागच्या जागी. बाहेर माझ्या हातातलं घड्याळ पुढे गेलं होतं, आतलं नाही.

सुरुवातीला हे विचित्र वाटतं, मग त्यातली मजा कळते. घड्याळ जर बाहेरून देता येत असेल तर ते आपल्या हातात आहे. टेस्ट करताना फाइलमध्येच लिहायचं, आता दहा वाजले, हा इव्हेंट घे, आता दहा वाजून चाळीस मिनिटं झाली, हा घे. चाळीस मिनिटं डोळ्याचं पातं लवायच्या आत होतात. रात्रपाळीत तीन वाजता झालेला बिघाड दुपारी जागेवर बसून पन्नास वेळा घडवता येतो, थोडा थोडा बदलून. रिपोर्टवाल्या जगात मला हे सुख कधी मिळालं नव्हतं.

पण घड्याळ बारीक किती हाही प्रश्न असतोच. अपामाचं इंजिन, कोरिलेटर म्हणतात त्याला, नुसतं चालू केलं तर ०.१ सेकंदाच्या टिकटिकीवर चालतं. ०.१ हा आकडा मला आधी कुठेतरी खुपला होता आणि मग आठवलं कुठे. बायनरीत ०.१ कधीच नीट लिहिता येत नाही, दशांशात एक तृतीयांश लिहिताना जसं ३ संपतच नाहीत तसं, कुठेतरी तोडावं लागतं. शत्रूची क्षेपणास्त्रं हवेतच पाडणारी अमेरिकेची पॅट्रियट सिस्टिम सेकंदाच्या दहाव्या भागात वेळ मोजायची आणि तो आकडा २४ बिटांत बसवलेला होता. प्रत्येक मोजणीत चूक इतकी बारीक की कुणाच्या खिजगणतीत नव्हती. २५ फेब्रुवारी १९९१ ला सौदी अरेबियात धाहरानजवळची पॅट्रियटची बॅटरी, म्हणजे क्षेपणास्त्रांची तुकडी, सलग १०० तास चालू होती आणि तोवर ती चूक साचून साधारण ०.३४ सेकंद झाली होती. तेवढ्या वेळात इराकचं स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरच्या वर जातं. सिस्टिमने चुकीच्या जागी बघितलं, तिथे काही दिसलं नाही, म्हणून काहीच केलं नाही. २८ सैनिक गेले. रीस्टार्ट केलं असतं तर घड्याळ परत शून्यावर आलं असतं. मी हे पंपाच्या अलार्मशी जोडत नाहीये, कुठे ते आणि कुठे हे, पण त्या दिवसापासून मी वेळेच्या दोन आकड्यांची तुलना 'बरोबर' या चिन्हाने करत नाही. कधीच नाही.

आता आईबद्दल. आईचा आणि कॉम्प्युटरचा संबंध व्हिडिओ कॉलपुरता, पण मला या भाषेतलं सगळ्यात अवघड वाक्य तिच्यामुळे समजलं.

अवघड वाक्य म्हणजे 'न होणं'. काही झालं तर सांग हे कुठलीही भाषा सांगते. काही झालं नाही तर सांग, हे कसं सांगायचं? न झालेली गोष्ट येऊन दार वाजवत नाही. माझ्या जुन्या जगात हे सोपं होतं, रात्री बारा वाजता बघायचं, कोणाची नोंद नाही, त्यांची यादी काढायची. पण इथे रात्रीचे बारा वाजतच नाहीत, इथे कायम आत्ताच आहे. मग 'नाही' कधी म्हणायचं? एक सेकंद वाट बघून? एक तास? पंप चालू झाला आणि दाब वाढला नाही, हे दहाव्या सेकंदाला म्हटलं तर चूक, पंपाला दम तर धरू द्या, आणि दोन तासांनी म्हटलं तर काय उपयोग, मोटर जळून गेली असेल.

आई लहानपणापासून म्हणते, "पोचलीस की फोन कर." यात तिला फोन नकोच असतो. फोन आला तर ती "बरं" म्हणते आणि ठेवते, पाच सेकंदसुद्धा बोलत नाही. तिचं सगळं लक्ष फोन न येण्यावर असतं. मी निघाले, हा इव्हेंट. त्याक्षणी तिच्या डोक्यात एक घड्याळ चालू होतं. पोचल्याचा फोन आला तर घड्याळ मोडून टाकायचं. वेळ संपली आणि फोन नाही, तर ती स्वतः फोन करणार. अगदी हेच वाक्य ईपीएलमध्ये आहे, शब्दाला शब्द. 'निघाली' प्रत्येक वेळी ऐक, आणि ऐकल्यावर त्याच्या पोटात एक लिसनर लाव, इतका 'वेट' पूर्ण झाला 'अँड नॉट' त्याच मुलीचं 'पोचली' आलं, तर काळजी कर. 'पोचली' आधी आलं की तो लिसनर आपोआप गळून पडतो, मागे काही उरत नाही, ३६०० कान साठत नाहीत. मी डॉक्युमेंटेशनमध्ये हे तीनदा वाचलं होतं आणि तीनदा डोक्यावरून गेलं होतं. मग रात्री घरी जाताना आईचा फोन आला, "पोचली नाहीस अजून?" आणि मी तिथेच थांबून फोनच्या नोट्समध्ये पंपाचा अख्खा नियम लिहून काढला.

आणि 'त्याच मुलीचं' हे विसरायचं नाही. मी पहिल्या आवृत्तीत विसरले. पंप सात चालू झाला, पंप नऊचा दाब वाढला, आणि माझ्या नियमाने सातची काळजी सोडून दिली. आई अशी चूक कधी करणार नाही, बहीण पोचली म्हणून माझं घड्याळ ती बंद करत नाही.

टेलिफोन एक्स्चेंजवाल्यांना हे दुखणं आमच्याही आधीचं. एर्लांग ही भाषा १९८६ पासून एरिक्सनच्या लॅबमध्ये जो आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या सोबत्यांनी घडवली ती टेलिफोनच्या स्विचसाठी, आणि तिच्यात मेसेजची वाट बघण्याच्या वाक्याला 'आफ्टर' नावाची शेपटी आहे, इतक्या वेळात काही आलं नाही तर हे कर. रिसीव्हर उचलला आणि नंबर फिरवलाच नाही, तर लाइन किती वेळ अडवून ठेवायची? हा त्यांचा रोजचा प्रश्न. मला एर्लांग येत नाही, पण ती शेपटी वाचून आपलं कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं.

आईच्या पद्धतीत एक भोक आहे मात्र, आणि ते आमच्याही सिस्टिममध्ये निघालं. कधीकधी मी पोचते, मेसेज टाकते, पण रेंज नसते आणि तो मेसेज अडकून बसतो. तिचं घड्याळ संपतं, ती काळजी करते, फोन करते, लागत नाही, आणखी काळजी. मग वीस मिनिटांनी मेसेज पोचतो, त्यावर वेळ मात्र जुनी. म्हणजे मी वेळेत पोचले होते की उशिरा? माझ्या घड्याळाने वेळेत, तिच्या घड्याळाने उशिरा, आणि दोघीही खरं बोलतोय. घटना घडली ती वेळ वेगळी आणि घटना कळली ती वेळ वेगळी. कॉम्प्युटर शास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्येच लिहून ठेवलंय की अनेक मशीनच्या सिस्टिममध्ये दोन घटनांपैकी आधीची कुठली हे प्रत्येक वेळी ठरवता येतंच असं नाही, एकीचा निरोप दुसरीपर्यंत पोचू शकला असेल तरच एक आधीची म्हणता येते. आमच्या सेन्सरच्या गेटवेचं, म्हणजे सेन्सरचे निरोप गोळा करून पुढे पाठवणाऱ्या डब्याचं, तेच, नेटवर्क गेलं की तो साठवून ठेवायचा आणि नेटवर्क आलं की सगळं एकदम ओकायचा, तेही क्रमाने नाही. दाब वाढल्याचा निरोप आधी, पंप चालू झाल्याचा नंतर. आईवाला नियम बिचारा पंप चालू झाल्याचा निरोप बघून घड्याळ लावून बसायचा, दाबाची बातमी तर केव्हाच समोरून वाहून गेलेली.

वाहता डेटा हाताळणाऱ्या फ्लिंकसारख्या सिस्टिम यावर वॉटरमार्क वापरतात, म्हणजे इंजिन स्वतःशी म्हणतं की अमुक वेळेपर्यंतचे सगळे निरोप आता येऊन गेले असं धरूया. 'धरूया' हा शब्द महत्त्वाचा. ती खात्री नसते, अंदाज असतो, आणि त्यानंतर कुणी उशिरा उगवलं तर त्याचं काय करायचं हे वेगळं ठरवावं लागतं. आम्ही याहून गावठी उपाय केला. प्रत्येक इव्हेंट थोडा वेळ एका रांगेत अडवायचा, त्याच्यावरच्या मूळ वेळेप्रमाणे लावून घ्यायचा आणि मग आत सोडायचा. किती वेळ अडवायचं यावर तीन मीटिंग झाल्या. जास्त अडवलं तर क्रम बरोबर पण अलार्म उशिरा, कमी अडवलं तर अलार्म लवकर पण कधीकधी खोटा. ज्यांना रात्री खोट्या अलार्मने उठवलं जातं ते एका बाजूला, ज्यांची मोटर जळते ते दुसऱ्या बाजूला. मी मध्ये बसून दोन्ही बाजूंच्या वेळा फळ्यावर लिहीत होते. शेवटी आठ सेकंद ठरले. आठच का, याला उत्तर नाही, कुणीतरी दमून आठ म्हणालं आणि बाकीचे हो म्हणाले.

हे सगळं आईला सांगायचा मी एकदा प्रयत्न केला. तू जे करतेस तेच मी मशीनला शिकवते, असं. तिला फारसं कौतुक वाटलं नाही. मी विचारलं, बरं, तू किती वेळ वाट बघतेस गं, फोन करायच्या आधी? माझ्या मनात होतं दीड तास, दोन तास असा काहीतरी आकडा येईल.

"ते कसं सांगणार," ती म्हणाली. "पाऊस असला तर जास्त. रात्र असली तर कमी."

"पाऊस आणि रात्र दोन्ही असलं तर?"

ती गप्प बसली जरा वेळ. मग म्हणाली, "तेव्हा मी तू निघायच्या आधीच फोन करते."